यश पचवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे-जूनमध्ये कोकणात निकाल, नेमणुका आणि आंब्याचे हिशेब एकदमच येतात, मागोमाग हार-तुरेही येतात. या वेळच्या पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे: यश मिळालं, आता वागायचं कसं?

प्रश्न : पीएसआयच्या परीक्षेत माझी निवड झाली. वाडीचं मंडळ, शाळा, मुंबईतलं ग्रामविकास मंडळ आणि तालुक्यातले दोन पुढारी, असे पाच सत्कार ठरतायत. नाही म्हटलं तर 'मोठो सायब झालो' म्हणतात, गेलो तर 'मिरवता' म्हणतात. भाषणात काय बोलायचं तेही कळत नाही. (देवगड तालुका)

उत्तर : पाचांचे दोन करा. वाडी आणि शाळा मिळून गावात एक, मुंबईकरांचा मुंबईत एक. दोन्ही नाशिकला प्रशिक्षणाला जाण्याआधी उरका. सेवेत रुजू झाल्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. भेटवस्तू घेणं आणि आपल्या सन्मानार्थ भरवलेले समारंभ यांवर त्यात बंधनं आहेत. पुढाऱ्यांना हेच सांगा: "दिवस थोडे आहेत आणि नंतर नियम आड येतात, म्हणून गावच्या कार्यक्रमालाच या." कारण खरं आहे आणि कुणाला लागतही नाही. गावातला कार्यक्रम शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात ठेवा, कुणाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नको. खळं आलं की यजमान आला, आणि यजमान आला की दुसऱ्या वाडीचं नाक मुरडलं जातं.

सत्काराआधी दोन कामं. पहिलं देवाचं. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवायचा तर गुरवांना आणि मानकऱ्यांना आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी गाठू नका. देवापुढच्या गाऱ्हाण्याला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, घरातलं वडीलधारं माणूस पुढे उभं करा, तुम्ही मागे राहा. त्याआधी आई आणि आजीला विचारा, कुणी काय नवस बोललंय. कुठे ओटी, कुठे तुळाभार, कुठे अनवाणी जाणं, यातलं निम्मं मुलांना ठाऊकच नसतं. 'व्हय म्हाराजा' म्हणून घरी आल्यावर आजीला आठवतं की वेतोबाचं राहिलं. दुसरं काम शिक्षकांचं. ज्यांनी शिकवलं त्यांना तुमची निवड बॅनरवरून कळता कामा नये.

आता भाषण. चार मिनिटं पुरे. बोलण्याच्या वेगाने ते साडेचारशे शब्दांच्या आसपास जातं, म्हणजे हाताने लिहिलेली दोन-अडीच पानं. 'हे यश माझं एकट्याचं नाही, तुम्हा सर्वांचं आहे' या वाक्याला टाळ्या हमखास पडतात, आणि ते कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्याऐवजी तीन ते पाच माणसं निवडा आणि प्रत्येकाविषयी तीन गोष्टी सांगा: नाव, काम, काळ. 'शेजारच्या काकींनी, आई मुंबईला दवाखान्यात होती तेव्हा, सबंध पावसाळा रात्रीचा डबा दिला.' 'अभ्यासिकेची चावी काकांनी रात्री नऊनंतरही माझ्याकडे ठेवली.' असं वाक्य ज्याचं त्यालाच लागू पडतं, दुसऱ्याला चिकटवता येत नाही. बाकीच्यांचे आभार घरी जाऊन माना. तीस नावांची यादी वाचलीत तर लोक एकतिसावं कोण राहिलं तेच शोधतात.

यादी आदल्या रात्री आईकडून तपासून घ्या. एक पथ्य मात्र कडक पाळा: ज्यांनी पैसे उसने दिले त्यांचं नाव माइकवर घेऊ नका. कित्येकदा देणाऱ्याच्या घरी ते माहीत नसतं, आणि तुमचे आभार त्याला रात्रभर महागात पडतात. सत्काराआधी पैसे परत करता आले तर उत्तमच. नाही जमलं तर घरी जाऊन तारीख सांगा.

समोर तुमच्याबरोबर बसलेले आणि एक-दोन गुणांनी राहिलेले मित्रही असतात. त्यांच्यासमोर 'मेहनत केली की यश मिळतंच' म्हणू नका, मेहनत त्यांनीही केली आहे. कितव्या प्रयत्नात निघालात, आधी कुठे अडकलात, हे आकड्यासह सांगा. पुढच्या मुलांना त्याचाच उपयोग.

शाली, नारळ आणि बॅनर उरतात. निमंत्रण देतानाच सांगा की पुष्पगुच्छाऐवजी शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तक आणा. नारळ त्याच संध्याकाळी जेवण करणाऱ्या बायकांकडे आणि खुर्च्या लावणाऱ्या पोरांकडे द्या. शाली महिना-पंधरा दिवसांनी वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना द्या, पण देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत नको, आणि देताना फोटो तर नकोच. बॅनर एकच, ग्रामपंचायतीची परवानगी काढून, उतरवायची तारीख आधी ठरवून. तो न उतरवता ठेवला तर पहिल्या वादळी पावसात फाटून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जातो. उतरवलेला फ्लेक्स लाकडांच्या माचावर टाकायला चार पावसाळे उपयोगी पडतो. तोंड आत करून टाका म्हणजे झालं.

प्रश्न : मुलीला दहावीला ९६ टक्के मिळाले. जाऊबाईंचा मुलगा त्याच वर्गात, तो गणितात राहिला. घर एक, चुली दोन. आनंद करावा तरी कसा? (कुडाळ)

उत्तर : कोकण विभागीय मंडळाचा निकाल राज्यात वर्षानुवर्षं सगळ्यात वर असतो. म्हणूनच इथे राहिलेल्या मुलाला जास्त एकटं वाटतं, कारण वाडीत त्याच्या जोडीला कुणी नसतं. हे ध्यानात ठेवून निकालाचा पहिला दिवस कोरा जाऊ द्या. देवापुढे साखर ठेवा, पेढे दुसऱ्या दिवशी.

त्या संध्याकाळी तुम्ही एकट्या, रिकाम्या हाताने जाऊबाईंकडे जा. 'होईल गो सगळं', 'एका विषयाचं काय एवढं' यातलं काही बोलू नका. पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, शाळेत कुणाला भेटायचं, एवढंच विचारा. मुदत थोडी असते आणि दु:खात ती हातची जाते, तेव्हा तारीख विचारणं हीच मदत. मुलीने त्याला शिकवावं असं आपणहून सुचवू नका. त्याने विचारलं तर शिकवावं, आणि ते त्यांच्या चुलीपाशी बसून.

पेढ्यांचा हिशेब: किलोत साधारण ४० ते ५० बसतात. पंचवीस घरं, घरटी चार, म्हणजे दोन-अडीच किलो. पाच किलो आणून ठेवू नका. जूनच्या दमट हवेत खव्याचा पेढा दोन-तीन दिवसांतच खराब होतो आणि मग उरलेले वाटत फिरण्याचा देखावा होतो. गुणपत्रिकेचा फोटो स्टेटसला लावू नका. त्यावर बैठक क्रमांक आणि आईचं नाव असतं, शिवाय विषयवार गुण सगळ्या नातलगांच्या तोंडी जातात.

मुलीला 'हुशार आहेस' म्हणण्यापेक्षा तिने काय केलं ते म्हणा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बुद्धीची स्तुती झालेली मुलं पुढे अवघड गणितं टाळू लागली आणि आपले गुण इतरांना फुगवून सांगण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं. ज्यांच्या प्रयत्नांची स्तुती झाली ती मुलं अवघडाकडे वळली. 'भूमितीच्या आकृत्या रोज पुन्हा काढायचीस, त्याचं हे फळ' यात घमेंडीला जागा राहत नाही, आणि अकरावीत गुण घसरले तरी काय करायचं ते तिला ठाऊक असतं.

प्रश्न : आमच्या बागेतली हापूसची पेटी या वर्षी वाशीला सुरुवातीच्या मुहूर्ताला लागली, पेपरात फोटो आला. तेव्हापासून बागेतले गडी तुटक वागतात. मी तर सगळ्यांना पार्टी दिली. काय चुकलं? (रत्नागिरी)

उत्तर : पार्टीआधी हिशेब द्यायला हवा होता. मुहूर्ताच्या पेटीचा भाव हा मानाचा भाव असतो, तो हंगामाचा नसतो. पण पेपरातला आकडा गड्यांनी वाचला आहे आणि प्रत्येक पेटीला तोच मिळाला असं त्यांनी धरलं आहे. दलालाकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, समोर ठेवा. भाव काय लागला, दलाली, हमाली आणि टेम्पोभाडं किती गेलं, हातात काय उरलं, सगळं दिसू द्या. शंका तिथेच निम्मी होते.

मग मजुरीची बाकी. थकलेला एकही दिवस ठेवून आभार मानू नका, ते आभार थट्टेसारखे लागतात. बाकी चुकती झाल्यावर बक्षीस द्या, तेही पैसे हाती आल्यापासून आठवड्याभरात, वेगळ्या पाकिटात. इथेच बहुतेक बागायतदार घसरतात: बक्षीस उचलीत वळतं करतात. माणसाच्या हातात काहीच पडत नाही आणि वहीत मात्र आपण दानशूर. उचल उचलीच्या जागी राहू द्या. राखणीला नेपाळी माणसं असतील तर त्यांना आंब्याची पेटी देऊन भागवू नका. त्यांचं घर लांब, पेटी जाणार कशी? त्यांना रोख द्या आणि गावी पाठवायला मदत करा.

श्रेयाचं म्हणाल तर एक प्रयोग करून बघा. पावसाळ्यात आळ्यात कल्टार (मोहरासाठीचं औषध) कुणी दिलं, मोहरावर तुडतुडा आणि फुलकिडीसाठी फवारण्या कुणी केल्या, वानरं कुणी हाकलली, झेल्याने देठासकट फळ कुणी उतरवलं, पेंढ्यात अढी कुणी लावली, पेटी कुणी भरली, आणि या सगळ्यांना दोन वेळचं कुणी वाढलं, हे एका कागदावर उतरवा. मग या पेटीत आपला वाटा किती टक्के, हे तुम्ही, तुमच्या पत्नी आणि मुख्य गडी यांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. बेरीज शंभराच्या वर जाण्याची शक्यता दांडगी आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांची बेरीज अशीच वर गेली. हा लबाडीचा मामला नसतो. आपण उपसलेले कष्ट आपल्याला आठवतात, दुसऱ्याने पहाटे चारला उठून केलेले आपण पाहिलेलेच नसतात.

कागदावर शेवटची ओळ हवामानाची घाला. थंडी वेळेवर पडली आणि अवकाळी पाऊस आला तेव्हा तुमच्याकडे कणी (बारीक फळ) धरली होती, शेजाऱ्याचा मोहर मात्र नुकता फुलला होता. बागायतीतला फरक कधी कधी एवढाच असतो. पुढच्या वेळी फोटोग्राफर आला की पेटी गड्याच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहा. फोटोखाली त्याचं नाव छापून येईल एवढं मात्र बघा, नाहीतर तो 'कामगार' म्हणूनच छापला जातो.

प्रश्न : कुणी कौतुक केलं की मी 'कसलं काय, नशीब आपलं' म्हणतो. बायको म्हणते, हे खोटं वाटतं. (अलिबाग)

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे. ओव्हुल सेझर, फ्रान्सेस्का जीनो आणि मायकेल नॉर्टन यांनी २०१८मध्ये दाखवलं की नम्रतेच्या आडून केलेली बढाई लोकांना सरळ बढाईपेक्षाही कमी आवडते, कारण ती मनापासूनची वाटत नाही. 'छे, मला तर वाटलंच नव्हतं, एवढे पुरस्कार ठेवू कुठे' हा त्यातलाच प्रकार. 'बरं वाटलं ऐकून' म्हणा आणि एक खरी माहिती जोडा: 'दुसऱ्या वेळी जमलं', 'आराखडा भावाने काढला होता'. मग विषय समोरच्याकडे वळवा.

प्रश्न : निवृत्त गुरुजींना आभाराचं पत्र लिहायचं आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर हलकं वाटेल, आणि पत्र लिहिताना अवघडायला होतं. (चिपळूण)

उत्तर : लिहाच. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८च्या अभ्यासात आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडे चुकला. पत्र मिळणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं, तेवढं झालं नाही. आनंद होईल असं वाटलं, त्याहून जास्त झाला.

पत्र तीनशे शब्दांचं, एका पाठपोट कागदावर मावेल असं. पहिल्या ओळीत तुम्ही कोण: वर्ष, इयत्ता, वाडी. शेकडो मुलं हाताखालून गेलेल्या माणसाला ओळख पटवायला लावू नका. मग एकच प्रसंग. 'आपण माझ्या जीवनाला दिशा दिलीत' हे वाक्य खोडा आणि लिहा: 'सातवीत इंग्रजीचं पुस्तक नव्हतं, तेव्हा तुम्ही तुमचं दिलंत आणि वर्गात स्वतः फळ्यावरून शिकवलंत.' नंतर त्याचा पुढे काय उपयोग झाला, आणि आज तुम्ही काय करता. शेवटी काही मागू नका. ना आशीर्वादाचा व्हिडिओ, ना कार्यक्रमाची तारीख.

शक्य असेल तर स्वतः जाऊन वाचून दाखवा. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या प्रयोगात, असं पत्र हातात नेऊन दिलेल्यांची मन:स्थिती महिनाभर तरी सुधारलेली राहिली. दुपारी दोन ते चार जाऊ नका, गुरुजी वामकुक्षीत असतील. ऐकायला कमी येत असेल तर अक्षर मोठं काढा. गुरुजी हयात नसतील तर पत्र त्यांच्या पत्नीला किंवा मुलांना द्या. घरच्यांना वर्गातले वडील सहसा माहीत नसतात.

प्रश्न : रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायची सवय लावून घेतली. महिन्याभरात कंटाळा आला. (वेंगुर्ला)

उत्तर : रोज लिहू नका, आठवड्याला एकदा लिहा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांच्या २००३मधल्या गाजलेल्या प्रयोगातल्या एका भागात लोक दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, पाचपर्यंत गोष्टी लिहीत होते. रोजच्या यादीत 'आई, आरोग्य, घर' हेच फिरून येतं. आठवड्याने लिहिताना माणूस आणि काम नेमकं लिहा, आणि यादीतल्या एकाला तरी फोन करा.

प्रश्न : मी मुंबईत स्थिरावलो. गावच्या शाळेला पाण्याचा आरओ आणि दोन संगणक द्यायचे आहेत, आईच्या नावाची पाटी लावून. काही सूचना? (गुहागर तालुका)

उत्तर : आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारा की हवं काय आहे. कदाचित संगणक तीन असतील आणि वीजबिल भरायला पैसे नसतील.

आरओआधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा, मीटर स्वस्त मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार स्वीकारार्ह आहेत. डोंगराकडच्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊच असतं. तिथे आरओ पाणी वाया घालवतो आणि गरजेचे क्षारही काढतो, गाळणी आणि यूव्ही पुरतं. खाडीकाठच्या मचूळ विहिरीला मात्र आरओ लागतो. कोणतंही यंत्र द्या, पण फिल्टर बदलण्याचा पाच वर्षांचा खर्च त्यासोबतच द्या. नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात यंत्र बंद पडतं आणि पाटी तेवढी चकाकत राहते. संगणकाला खारी हवा आणि मृगातल्या विजा दोन्ही बाधतात, तेव्हा अर्थिंग आणि आच्छादन आधी.

पाटी लावायला हरकत नाही, वीतभर पुरे. वाक्य 'यांच्याकडून सप्रेम भेट' असं न करता आईने त्या शाळेसाठी किंवा त्या शाळेत काय केलं ते एका ओळीत लिहिता आलं तर बघा.

एकरकमी वस्तूपेक्षा दरमहा ठरावीक रक्कम पुष्कळदा जास्त कामी येते. ही कल्पना कोकणाला नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या मुरुड गावासाठी 'मुरुड फंड' उभारला तो याच धर्तीवर. पुढे ज्यांना १९५८मध्ये भारतरत्न मिळालं, त्यांच्या सार्वजनिक कामाच्या सुरुवातीला गावाच्या ऋणाची ही वही आहे.

प्रश्न : निवड होईपर्यंत कुणी विचारत नव्हतं. आता जो तो म्हणतो, 'मीच याला फॉर्म भरायला लावला.' ऐकून घ्यायचं का? (राजापूर)

उत्तर : चहाच्या टपरीवर चाललं असेल तर ऐकून घ्या. त्यात तुमचं काही जात नाही, आणि एखाद्याने खरोखरच कधीतरी 'भर रे फॉर्म' म्हटलेलंही असतं. चारचौघांत दुरुस्ती केलीत तर तो माणूस कायमचा दुखावतो.

दोन ठिकाणी मात्र गप्प बसू नका. एक, ज्याने खरी मदत केली त्याचं श्रेय दुसरा घेत असेल तेव्हा. तिथे न भांडता खऱ्या माणसाचं नाव घ्या: 'हो, आणि फॉर्मची फी त्या दिवशी दादाने भरली होती.' दोन, तुमच्या नावावर कुणी काम करून घेत असेल, 'सायब आमच्याच वाडीतले' म्हणून कचेरीत शब्द टाकत असेल तेव्हा. त्याला एकट्याला गाठा, त्याच आठवड्यात, आणि स्पष्ट सांगा की माझं नाव वापरायचं नाही. घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण असे निरोप बहुतेक वेळा वडिलांच्या किंवा काकांच्या फोनवरून येतात. आणि गेली चार-पाच वर्षं ज्यांनी विचारलं नाही त्यांच्याकडेही गणपतीत आरतीला जा. त्यांच्या घरी सध्या कोण अभ्यासाला बसलंय ते विचारा, जुनी पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका त्याच्याकडे पोचवा.